नोंदवहीत न आलेला मासा

२० मार्च २००६, सोमवार. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एस्कॉन्डिडो नावाचे शहर आहे. त्या शहराच्या ‘लेक डिक्सन’ या लहानशा जलाशयात त्या सकाळी एक बास मासा गळाला लागला. हातकाट्यावर त्याचे वजन भरले २५ पौंड १ औंस, म्हणजे सुमारे ११ किलो ३७० ग्रॅम. या जातीच्या माशाचा जागतिक विक्रम तेव्हा २२ पौंड ४ औंसांचा होता आणि तो जवळजवळ ७४ वर्षे कोणालाही मोडता आलेला नव्हता.

थोड्याच वेळात तो मासा जिवंत पाण्यात सोडला गेला. त्याची छायाचित्रे आहेत, थोडे चित्रीकरणही आहे. विक्रमांच्या अधिकृत यादीत मात्र तो नाही. पकडणाऱ्याने तशी मागणीच केली नाही. असे का झाले, हे समजायचे तर त्या सकाळच्या बरेच मागे, महामंदीच्या काळातील जॉर्जिया राज्यापर्यंत जावे लागते.

आधी नावाचा घोळ दूर केलेला बरा. उपाहारगृहांच्या यादीत ‘बासा’ म्हणून जो मासा मिळतो, तो व्हिएतनामकडचा पंगासियस. त्याचा येथे काही संबंध नाही. इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणवला जाणारा मासा म्हणजे रायगडकरांचा जिताडा. तोही हा नव्हे. येथील नायक आहे ‘लार्जमाउथ बास’. हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील गोड्या पाण्याचा, हिरवट अंगाचा, कुशीवर काळसर पट्टा असलेला मासा. त्याचा जबडा इतका रुंद की तोंडाची कड डोळ्याच्याही मागे जाते. एक-दोन किलोंचा बास मिळाला की हौशी मासेमार समाधानाने घरी जातो. पाच किलोंचा मिळाला तर तो आयुष्यभर सांगत राहतो.

याच्या शास्त्रीय नावाची कथाही थोडी गमतीची आहे. लॅसेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ साली या गटाला ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे ‘लहान पराचा’, असे नाव दिले. वास्तविक या माशांचा पर लहान नसतो. पॅरिसमध्ये त्याच्यापुढे आलेल्या नमुन्याच्या पाठीवरचा पर फाटलेला होता आणि तुटलेला तुकडा त्याने वेगळा पर मानला. एका जायबंदी माशावरून साऱ्या गटाचे नाव पडले आणि ते आजही बदललेले नाही.

आता जॉर्जिया. २ जून १९३२. जॉर्ज पेरी हा जेमतेम वीस वर्षांचा शेतकरी तरुण. वडील वारलेले, घरची जबाबदारी अंगावर, देशभर मंदी. त्या दिवशी पावसामुळे शेतात काम करणे शक्य नव्हते. म्हणून तो जॅक पेज या सोबत्याला घेऊन मासे धरायला निघाला. कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात, तेच. फक्त येथे हौसेपेक्षा चुलीची गरज मोठी होती.

ते गेले माँटगोमेरी लेकवर. नाव ‘लेक’ असले तरी ते ओकमल्गी नदीने प्रवाह बदलल्यावर मागे उरलेले वळणाचे डबके होते. दोघांत मिळून आमिष एकच: क्रीक चब कंपनीचे, माशाच्या आकाराचे. ते लाकडाच्या ओंडक्यात अडकून तुटले असते तर दिवस तिथेच संपला असता. पेरीने नंतर सांगितल्याप्रमाणे, गळाला ओढ लागली तेव्हा आधी त्याला ते ओंडक्यात अडकले असेच वाटले होते.

मासा हेलेना गावात नेऊन तोलला गेला. वजन २२ पौंड ४ औंस, लांबी साडेबत्तीस इंच, घेर साडेअठ्ठावीस इंच. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ हे मासिक तेव्हा मोठ्या माशांची वार्षिक स्पर्धा घेत असे. पेरीने साक्षीदारांच्या सह्यांसह अर्ज धाडला आणि त्याला बक्षीस मिळाले: ७५ डॉलर किमतीचे शिकारीचे व मासेमारीचे साहित्य. याआधीचा गाजलेला मासा १९२३ साली फ्लॉरिडात मिळालेला होता, २० पौंड २ औंसांचा.

आणि विक्रमी मासा? तो घरी शिजवून खाल्ला गेला. त्यात नवल काहीच नव्हते. दहा किलो मासळी म्हणजे त्या घराची एकाहून अधिक जेवणे. तो पेंढा भरून जतन करावा, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते; कागदावर ठेवण्यासारखे जे होते ते ठेवले गेले. पुढे पेरी वैमानिक झाला आणि १९७४ साली विमान अपघातात मरण पावला. विक्रमाचे भांडवल त्याने फारसे केले नाही.

या घटनेची बाजू लंगडी आहे हे मान्य करायला हवे. पुराव्यात एक अर्ज, काही सह्या आणि तोलल्याची नोंद. मासा उरला नाही. छायाचित्रही कित्येक दशके कोणाला ठाऊक नव्हते. नंतर एक पुढे आले, पण ते खरे की खोटे यावर वाद झाला. आजच्या कसोट्या लावल्या तर हा दावा पहिल्याच टेबलावर अडला असता. तरीही पेरीवर खोटेपणाचा आरोप कधी टिकला नाही. एक कारण असे की, दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, त्याने पुन्हा जवळजवळ १४ पौंडांचा बास आणून तीच स्पर्धा जिंकली. दुसरे कारण अधिक साधे आहे: खोटे बोलून त्याला मिळण्यासारखे फारसे काही नव्हते.

मिळण्यासारखे पुष्कळ काही असणे, ही पुढच्या काळाची देणगी.

आंतरराष्ट्रीय गळमासेमारी संघटना १९३९ साली न्यूयॉर्कमधील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात स्थापन झाली, तेव्हा तिचे लक्ष खाऱ्या पाण्यातील माशांकडे होते. गोड्या पाण्यातील विक्रम मासिकच सांभाळत असे. १९७८ साली ते काम संघटनेकडे आले आणि त्याबरोबर नियमांची जाडजूड पोथी आली: काटा प्रमाणित हवा, तोलताना पाय पक्क्या जमिनीवर हवेत, लांबी-घेर मोजलेले हवेत, दोराचा नमुना जोडलेला हवा. पेरीचा मासा जुन्या यादीतून नव्या यादीत आला. त्याला कोणी पुन्हा तराजूत घालू शकत नव्हते.

दरम्यान बासच्या मासेमारीचा धंदा झाला. रे स्कॉट या विमा एजंटाने १९६७ साली आर्कन्सा राज्यातील बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बास मासेमारांची राष्ट्रव्यापी संघटना उभारली. बोटी, इंजिने, काठ्या, रिळे, प्रायोजक, दूरचित्रवाणी हे सारे मागोमाग आले. १९७२ साली याच स्कॉटने स्पर्धकांना मासे जिवंत परत सोडण्याचे आवाहन केले. पेरीच्या घरी जो मासा पातेल्यात गेला, तो चाळीस वर्षांनी वजन करून परत पाण्यात सोडायची वस्तू बनला. अमेरिकेतील एका वर्गाचे माशाशी असलेले नाते यामुळे किती बदलले, याची दखल इतिहासकार फारशी घेत नाहीत, घ्यायला हवी.

विक्रम मोडणारा मासा मिळाला तर जाहिराती आणि करार मिळून लाखो डॉलर मिळतील, असा हिशेब सर्रास मांडला जाऊ लागला. ७५ डॉलरच्या साहित्यापासून येथवरचा हा प्रवास.

पण तो मासा येणार कुठून? जॉर्जियात तसा दुसरा मिळेना, फ्लॉरिडातही मिळेना. उत्तर आले तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या, जिथे बास मुळात नव्हताच अशा प्रदेशातून. कॅलिफोर्नियात बास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणून सोडलेला होता, पण तो उत्तरेकडील, आटोपशीर वाढणारा. १९५९ साली सॅन डिएगो शहराच्या जलाशयांचे जीवशास्त्रज्ञ ऑर्व्हिल बॉल यांनी फ्लॉरिडातून तिकडच्या बासची पिल्ले आणवून अपर ओटाय या जलाशयात सोडली. फ्लॉरिडाचा बास जास्त मोठा होतो हे ठाऊक होते. आता तर शास्त्रज्ञ त्याला स्वतंत्र जातीच मानतात.

दक्षिण कॅलिफोर्निया कोरडा. तेथील बहुतेक तळी म्हणजे शहरांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेले जलाशय: खोल, स्वच्छ, उतरत्या खडकाळ काठांचे. हिवाळा सौम्य, त्यामुळे माशांच्या वाढीचा हंगाम लांब. त्यातच एक योगायोग घडला. हौशी मासेमारांसाठी या जलाशयांत थंडीच्या महिन्यांत ट्रक भरभरून रेनबो ट्राउट सोडले जात. हे ट्राउट माणसांच्या करमणुकीसाठी होते. बासच्या दृष्टीने ती आयती मेजवानी होती. तळ्याच्या हौदात वाढलेला, सावध राहण्याची सवय नसलेला, चरबीदार मासा दर आठवड्याला दारात. फ्लॉरिडाच्या बासने येथे जे अंग धरले, तसे त्याच्या मायदेशीही सहसा धरले जात नाही.

१९७३ साली सॅन डिएगोच्या मिरामार जलाशयात २० पौंड १५ औंसांचा बास निघाला आणि पश्चिमेकडे सगळ्यांचे डोळे वळले. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कास्टेक जलाशयात बॉब क्रूपी या पोलीस अधिकाऱ्याला २२ पौंडांहून किंचित अधिक वजनाचा बास मिळाला. विक्रमापासून अवघे काही औंस दूर. त्याने तो सोडून दिला. मार्च १९९७ मध्ये सांता रोसा येथे पॉल ड्यूक्लोस याने धरलेला बास तर २४ पौंडांचा होता. पण तो तोलला कशावर? घरातल्या, माणसाचे वजन पाहायच्या काट्यावर. एकदा मासा हातात घेऊन, एकदा मासा न घेता, मग वजाबाकी. छायाचित्र काढून मासा सोडला गेला. नोंद झाली नाही, होणारही नव्हती.

या तारखा पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. क्रूपी मार्चमध्ये, ड्यूक्लोस मार्चमध्ये, लेक डिक्सनचा मासाही मार्चमध्ये. वसंत ऋतू आणि राक्षसी बास यांचे नाते अपघाती नाही.

वर्षातील बहुतेक काळ मोठी मादी खोल पाण्यात असते आणि माणसाच्या नजरेस पडत नाही. पाण्याचे तापमान १५-१६ अंशांच्या पुढे सरकू लागले की नर काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. शेपटीने गाळ झाडून तळावर एक स्वच्छ, पांढरट वर्तुळ तयार करतो. हे त्याचे घरटे. मादी तिथे येते, अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यांची आणि पुढे पिल्लांची राखण नर करतो. त्या काळात तो जवळजवळ काही खात नाही आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. अंड्यांनी जड झालेली मादी याच थोड्या दिवसांत वर्षातल्या सर्वाधिक वजनाची असते आणि याच दिवसांत ती दिसते.

पाणी स्वच्छ असेल तर पोलराइज्ड चष्मा घालून बोटीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ते पांढरे वर्तुळ आणि त्यावर तरंगणारी सावली स्पष्ट दिसते. मग सुरू होते एक विलक्षण चिवट झटापट. आमिष वर्तुळात टाकायचे, तळावर ठेवायचे, किंचित हलवायचे. मासा ते खाण्यासाठी घेत नाही. घरात शिरलेला कचरा बाहेर टाकावा तसा तो ते तोंडात उचलतो आणि लगेच थुंकतो, कधी नुसते अंगाने ढकलतो. तेवढ्या क्षणार्धात काठीला हिसका द्यायचा. एकाच माशावर अशी शेकडो वेळा आमिषे टाकली जातात. तासामागून तास, कधी दिवसामागून दिवस.

ही पद्धत सभ्य की असभ्य, यावर अमेरिकेत जुना वाद आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, विणीच्या वेळी घरट्यावरून नर उचलला तर जवळ टपलेले लहान मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. कॅनडाच्या ओंटॅरियो प्रांतात याच कारणासाठी बासची मासेमारी वसंतात बंद असते. समर्थक म्हणतात, उबदार प्रदेशात बासची पैदास इतकी असते की थोड्या घरट्यांनी फरक पडत नाही. कॅलिफोर्नियात कायद्याने ही पद्धत मना नाही आणि मोठ्या माशांच्या मागे लागलेले बहुतेक जण तिच्यावरच अवलंबून असतात.

लेक डिक्सन हा केवळ ७० एकरांचा. भाड्याच्या बोटी, ठरावीक वेळेला उघडणारे फाटक, काठावर सहलीला आलेली कुटुंबे. अशा जागी विक्रमी मासा लपून राहणे कठीण. आणि तो लपलेला नव्हताच. २००१ च्या एप्रिलमध्ये तेथे २० पौंड १२ औंसांचा बास धरून सोडला गेला होता. ३१ मे २००३ रोजी जेड डिकर्सन याला २१ पौंड ११ औंसांची मादी मिळाली. तिच्या गालफडाखाली एक काळा ठिपका होता. छायाचित्रे ताडून पाहता दोन्ही वेळचा मासा एकच, असे मानले गेले. ठिपक्यामुळे तिचे नाव पडले ‘डॉटी’. एका शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तळ्यात, नावानिशी ओळखला जाणारा एक मासा दर वसंतात वर येत होता आणि त्याच्या वाटेवर माणसे डोळे लावून बसली होती.

या माणसांत डिकर्सन, मॅक वीकली आणि माइक विन हे तिघे बालमित्र होते. वर्षानुवर्षे त्यांनी हे एकच तळे धरून ठेवले होते. पहाटे फाटकापाशी पहिला नंबर लावणे, बोट मिळवणे, घरटे हेरणे, त्यावरची जागा राखणे, एक दमला की दुसऱ्याने उभे राहणे. त्यांची निष्ठा वादातीत आहे. तिला छंद म्हणावे की व्यसन, हा प्रश्न निराळा.

२० मार्चच्या सकाळी ती मादी घरट्यावर होती. वीकलीच्या काठीला पांढरे जिग होते, म्हणजे शिशाचे डोके आणि झालर असलेला एक गळ. मासा आमिषापाशी हलला, वीकलीने हिसका दिला, काठी वाकली. जाळ्यात घेतल्यावर तिघांनाही कळले की गळ तोंडात नाही. तो पाठीच्या पराखाली, कुशीत रुतलेला होता.

येथे सारी कथा एका बोटभर अंतरावर येऊन थांबते.

कॅलिफोर्नियाचा नियम सांगतो की माशाने आमिष स्वतःहून तोंडात घेतलेले असले पाहिजे. अन्यत्र गळ रुतलेला मासा परत सोडावा लागतो. या नियमामागे जुना अनुभव आहे. उथळ पाण्यात विणीला आलेल्या माशांच्या थव्यात नुसता उघडा गळ ओढून त्यांना ओरबाडून काढणे फार सोपे असते. तसे होऊ लागले तर कौशल्य, स्पर्धा, संयम या शब्दांना काही अर्थ राहत नाही आणि मासेही राहत नाहीत.

तिघांनी मासा हातकाट्यावर तोलला. आकडा आला २५ पौंड १ औंस. छायाचित्रे घेतली. लांबी आणि घेर मोजला नाही. आणि तिला पाण्यात सोडले.

बातमी काही तासांत देशभर गेली आणि वादाला तोंड फुटले. काहींनी म्हटले, दावा करायलाच हवा होता. आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम ‘हेतुपुरस्सर’ अंगात गळ रुतवण्याला मनाई करतो. येथे हेतू तसा नव्हता, असे म्हणता आले असते. काटा नंतरही प्रमाणित करून घेता येतो. मोजमापे नाहीत ही अडचण खरी, पण चित्रीकरण होते, साक्षीदार होते. १९३२ साली होते त्याहून हा पुरावा कितीतरी भक्कम. दुसऱ्या बाजूला शंकेखोरही होतेच. आकड्यावर शंका, हिसक्यावर शंका, माणसांवर शंका.

वीकलीने थोड्याच दिवसांत आपण दावा करणार नाही असे जाहीर केले. विक्रमाभोवती संशयाचे वलय असू नये, हा त्यामागचा विचार होता. लाखो डॉलरची शक्यता एका बाजूला आणि ‘गळ तोंडात नव्हता’ हे एक वाक्य दुसऱ्या बाजूला, असा तो हिशेब होता. हे वाक्य त्याने स्वतःच सांगितले होते, हे येथे विसरता कामा नये.

त्याच्या या निर्णयाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तच होते. तथापि एक गोष्ट कौतुकाच्या भरात सहसा बोलली जात नाही. मासा आमिष खात नसून घरट्यातून ढकलत असताना, त्याच्यावर नजर ठेवून हिसके देत राहायचे, ही पद्धतच अशी आहे की गळ कधी ना कधी अंगात रुतणार. मासा भुकेने आमिष घेतो ही जी जुनी कल्पना नियमाच्या मुळाशी आहे, ती घरट्यावर लागूच पडत नाही. गळ त्या दिवशी ओठात अडकला असता तर विक्रम निर्दोष ठरला असता आणि मादी मात्र तितकीच भुकेविना, तितकीच अंड्यांनी जड असताना पकडली गेली असती. नियम माणसामाणसांतील व्यवहार चोख ठेवतो. माशाची बाजू त्यात फारशी येत नाही.

हे तिघे पुढेही त्या तळ्यावर जात राहिले. मे २००८ मध्ये लेक डिक्सनवर एक मोठा बास मरून तरंगताना सापडला. गालफडाखाली काळा ठिपका होता. वजन भरले १९ पौंड. वीण होऊन गेलेली, शरीर उतरलेले. मृत्यू वयोमानाने झाला असावा असे मानले गेले. ज्यांनी तिला हाताळले होते त्यांनी ठिपका ओळखला. २००१, २००३, २००६ आणि २००८ असे चार वेळा तोललेल्या या माशाचे आयुष्य पौंड-औंसांत जितके नोंदले गेले, तितके फार थोड्या वन्य प्राण्यांचे नोंदले गेले असेल.

विक्रमाचा निकाल लागला तो अमेरिकेबाहेर, जपानमध्ये. तेथे बास १९२५ साली पोहोचला होता. अकाबोशी तेत्सुमा या उद्योजकाने कॅलिफोर्नियातून मासे आणवून हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडले. पुढे तो इतरत्र पसरला आणि १९७० च्या दशकात देशातील सर्वांत मोठ्या बिवा सरोवरात आढळला. बिवाचे स्थानिक मासे, जे जगात दुसरीकडे मिळत नाहीत, ते बासच्या जबड्यात जाऊ लागले. मच्छीमारांनी ओरड केली. २००३ पासून शिगा प्रांतात पकडलेला बास जिवंत परत सोडायला बंदी आली. २००५ मध्ये राष्ट्रीय कायद्याने तो घुसखोर जातींच्या यादीत गेला. अमेरिकेत जो सोडून देणे सभ्यतेचे लक्षण, तो येथे सोडणे नियमभंग.

२ जुलै २००९ रोजी याच बिवा सरोवरात मानाबू कुरिता या ३२ वर्षांच्या मासेमाराला एक बास मिळाला. आमिष होते जिवंत ब्लूगिल. हा ब्लूगिलही अमेरिकेचाच; १९६० साली शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिलेला आणि पुढे जपानभर फैलावलेला. सम्राट झाल्यावर अकिहितो यांनी २००७ मध्ये, बिवाकाठच्या ओत्सु शहरात, त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला होता. एका नकोशा पाहुण्याला गळावर लावून दुसरा नकोसा पाहुणा धरला गेला.

कुरिताच्या माशाचे वजन १०.१२ किलो, म्हणजे २२ पौंड ४.९७ औंस. पेरीच्या माशाहून एक औंसानेही जास्त नाही. या वेळी सारे नियमाबरहुकूम होते: काटा, मोजमापे, साक्षीदार. तरीही संघटनेने सहा महिने घेतले. मासा धरला ती जागा बोटी थांबवण्यास मनाई असलेल्या पट्ट्यात होती का, याची चौकशी झाली. कुरिताला खोटे ओळखणाऱ्या यंत्रापुढे बसवले गेले. तो त्यात उत्तीर्ण झाला. जून १९३२ मध्ये पेरीने जे एका अर्जावर भागवले, त्यासाठी आता एवढी दारे ओलांडावी लागत होती.

८ जानेवारी २०१० रोजी निर्णय जाहीर झाला. २५ पौंडांखालील माशाचा विक्रम मोडण्यासाठी किमान दोन औंसांचे आधिक्य लागते, असा नियम होता. कुरिताचा फरक ०.९७ औंसाचा. म्हणून विक्रम मोडला गेला नाही; बरोबरी झाली. यादीत जॉर्ज पेरी आणि मानाबू कुरिता ही दोन नावे शेजारी शेजारी आली.

पेरीचे माँटगोमेरी लेक आता बरेचसे गाळाने भरले आहे. जवळच्या रस्त्यावर राज्याने लावलेली इतिहासाची पाटी तेवढी २२ पौंड ४ औंस हा आकडा सांगत उभी आहे.